गॅलरीतली मधली जागा

साळवेकाका झाडांना शिफ्टला लावायचे. मी गंमत करत नाही. ते स्वतःच तसं म्हणायचे आणि म्हणताना हसायचेही नाहीत. चिखलीतल्या आमच्या बिल्डिंगला तिसऱ्या मजल्यावर ऊन येतं ते समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून, आणि गॅलरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकत निघून जातं. काकांकडे झाडं पुष्कळ आणि ऊन चतकोरभर. मग सकाळच्या उन्हात तुळस, मोगरा आणि मिरची. त्यांना मागं घेतलं की जास्वंद आणि गुलाब. उतरत्या उन्हात मनीप्लँट आणि असलीच कमी खाणारी मंडळी. फर्स्ट, सेकंड, थर्ड. मी जिन्यातून विचारायचे, "काका, मोगऱ्याची सुट्टी झाली का?" तर आतून उत्तर यायचं, "झाली की! गुलाबाला मातर ओव्हरटाइम हाय आज. कळ्या धरल्यात त्यानं."

गुरुवारी इथल्या कंपन्यांना सुट्टी, म्हणून गुरुवारी काकांच्या झाडांनाही सुट्टी. त्या दिवशी एकही कुंडी जागची हलायची नाही. ज्याच्यावर ऊन पडलं त्याचं नशीब. "वीकली ऑफ हाय त्यांचा, कशाला तरास द्यायचा," असं म्हणून काका स्वतः मात्र जमिनीवर फतकल मारून टोपल्या विणत बसायचे.

मी त्यांची शेजारीण. चाकणच्या एका कंपनीत पॅकिंग डिझाइनला आहे, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरवर खोके काढते. कॉलेजात असताना मला चित्रकार व्हायचं होतं, हे आता सांगायलासुद्धा कंटाळा येतो. कंपनीची बस चाकणच्या चौकात हमखास अडकायची, आणि घरी पोचेपर्यंत अंगात कुकर लावण्याइतकं त्राणही उरायचं नाही. नवरा सेकंड शिफ्टला, घरात अंधार. अशा वेळी कुलूप काढताना शेजारच्या उघड्या दारातून आत खूप हिरवं काहीतरी दिसायचं आणि मी किल्ली हातात धरून उगाच उभी राहायचे. कितीतरी दिवस मी नुसतीच उभी राहिले. मग एकदा काकांनीच हाक मारली.

त्या हिरव्याच्या अलीकडे, गॅलरीच्या दाराशी एक कॉट होती आणि कॉटवर शांताकाकू होत्या. त्यांची डावी बाजू लकव्यानं गेलेली. बोलणं शाबूत होतं, आणि तेही चांगलं तिखट. त्यांना भरवणं, धुणं-पुसणं, वेळेवर कूस बदलणं, सगळं काका एकटे करायचे. लेक वंदना तळेगावला दिलेली. ती नोकरी आणि घर सांभाळून जमेल तेव्हा लोकलनं कासारवाडीला उतरून यायची, डबे भरून ठेवायची आणि रडवेली होऊन परत जायची. बाकी दिवस काका आणि काकू. काका त्यांना 'सुपरवायझर' म्हणायचे.

काका मूळचे करमाळ्याकडचे. तरुणपणी पिंपरीत आले, एका कंपनीत प्रेस मशीनवर लागले आणि कंपनी बंद पडेपर्यंत तिथंच राहिले. कंपनी गेली, शर्ट राहिले. खिशावरचं कंपनीचं नाव त्यांनी ब्लेडनं उसवून काढलं होतं. तेवढ्या जागी कापड अजून गडद निळं होतं. प्रेसच्या आवाजानं कान अधू झालेले, त्यामुळे ते साधं "चहा घेता का" म्हणाले तरी खालच्या मजल्यावरची माणसं हो म्हणायची. चेहरा कायम थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसाचा. मी एकदा म्हटलं, "काका, दमत असाल हो." तर म्हणाले, "आता दमायचं काय ऱ्हायलंय? दमलेलो हायच की."

कंपनीतून त्यांनी एक नियम मात्र घरी आणला होता. रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन उभा राहील, चार्ज घेईल, तेव्हाच आपण हात काढायचा. या नियमाचा काकूंना मनस्वी राग होता.

"वंदना झाली ना, त्या दिवशी ह्यांचा रिलीव्हर आला न्हाई," काकू सांगायच्या. "पोरगी झाल्याचा निरोप गेटवर गेला, तरी हे आपले दुसरी शिफ्ट काढूनच आले. अंगाला ऑइलचा वास. पोरीनं बापाला बघून पहिल्यांदा काय केलं आसंल, तर शिंकली."

"मग? मशीन चालू ठिवून येणार कसं?" काका तिकडून ओरडायचे.

"मशीन म्हणं! बघ मीना, आजून मशीनच बोलतंय."

ही भांडणं त्यांची नेहमीची होती आणि दोघंही ती चवीनं करायचे. पण आता काकांना खरंच रिलीव्हर नव्हता, आणि हे दोघांनाही कळत होतं. म्हणून मग मी रिलीव्हर झाले. काकांना औषधं आणायची असली, भाजी आणायची असली, की संध्याकाळी ते माझ्या दारावर टकटक करायचे. मी गेले की रीतसर चार्ज द्यायचे. "कूस आत्ताच बदललीय. पाणी पाजलंय. जास्वंदीला हात लावू नका, फुटवा नाजूक हाय. आन सुपरवायझर आज जरा गरम हायत." एवढं सांगूनही ते निघायचे नाहीत. मी कॉटजवळच्या खुर्चीवर टेकले, हे डोळ्यांनी बघितल्यावरच पायात चपला घालायचे.

त्या खुर्चीवर बसून मी पहिल्यांदा त्यांच्या टोपल्या नीट पाहिल्या. कंपन्यांमध्ये खोके आवळायला प्लॅस्टिकची पट्टी असते ना, निळी, पिवळी, पांढरी, ती एकदा कापली की भंगारात जाते. माझ्या कामात ती रोज असते. मी तिच्याकडं कधी ढुंकून बघितलं नव्हतं. काका युसुफभाईंच्या भंगाराच्या दुकानातून तिची भेंडोळी आणायचे आणि प्रत्येक कुंडीला तिची टोपली विणायचे, वर कडी ठेवून. शिफ्ट बदलली की टोपली एका हुकावरून काढायची आणि दुसऱ्या हुकाला अडकवायची, एवढ्यासाठी. पण एवढ्यासाठी कुणी इतकं विणत नाही. एका टोपलीवर पाण्याच्या लाटा होत्या, एकीवर ज्वारीच्या कणसासारखी वीण होती. कुठंही गाठ नाही, चिकटपट्टी नाही. टोक आतल्या आत असं दडपलेलं की सापडू नये. मी दिवसभर खोक्यांचे कोपरे काढणारी बाई, आणि कोपरा असा वळवता येतो हे मला कधी सुचलं नव्हतं. खुर्चीशेजारी जुनं कॅलेंडर होतं. त्याचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं ती कणसाची टोपली काढली. कितीतरी वर्षांनी मी कागदावर हातानं काहीतरी काढत होते. मला फार बरं वाटलं, आणि थोडं रडूही आलं.

"काका, तुम्हाला हे सुचतं कुठून?" मी एकदा विचारलं.

"सुचायचं काय त्यात? पट्टी वळंल तिकडं जायाचं." मग जरा हळू आवाजात, म्हणजे फक्त आमच्याच मजल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "हात रिकामे ऱ्हायले की डोळा लागतो हो. डोळा लागला आन हिची कूस बदलायची ऱ्हायली, तर पाठीला जखमा व्हत्यात. म्हणून विणतो."

ते बसल्या जागी पेंगत आहेत आणि बोटं मात्र पट्टी वर-खाली करत आहेत, हे मी नंतर अनेकदा पाहिलं.

या सगळ्यात त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे जाळी. गॅलरीच्या मधोमध, काकूंच्या बरोबर डोळ्यांसमोर, दारापेक्षा रुंद जाळी त्यांनी निळ्या-पांढऱ्या पट्टीची विणली आणि तिच्यावर गोकर्णाचा वेल चढवला. वेल फुलला तेव्हा पट्टीचा निळा कुठला आणि फुलाचा कुठला ते कळेना. बिल्डिंगमधली माणसं बघायला आली. युसुफभाई जिने चढून आले, धापा टाकत जाळीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साळवे, मैं इसको कचरा बोल के बेचता था यार." वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याला तशीच जाळी हवी होती. काकांनी साफ नाही म्हटलं. "ही सुपरवायझरची हाय. पडल्या पडल्या बघायला." ते बोलताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की मला वाटलं, या माणसाला आज झोप लागेल.

मी त्या जाळीचीही चित्रं काढली. एका संध्याकाळी काका बाहेर गेल्यावर ती काकूंना दाखवली. त्यांनी उजव्या हातात कागद धरून एकेक बघितला आणि म्हणाल्या, "एवढा झाडपाला काढलास. माणूस एकबी न्हाई गं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"मला रस्ता दिसत न्हाई, मीना," त्या म्हणाल्या. "आधी दिसायचा. कोपऱ्यावरचा चहावाला, भाजीची गाडी, कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या बाया. कुणाची साडी कसली, कोण कुणाशी बोलतंय... माझा दिवस जायाचा त्यात. मला झाडाचं कधी येड नव्हतं. आता जिकडं बघावं तिकडं पानं. रानात आणून टाकल्यागत वाटतंय."

"मग सांगा ना काकांना. ते लगेच काढतील."

"खबरदार!" त्यांनी माझं मनगट धरलं. एका हातात जोर चांगला होता. "काय बोलायचं न्हाई. तेवढाच त्यांचा जीव रमतोय. ते बी काढून घेतलं तर दिवसभर माझं तोंड बघत बसतील, आन मग आमी दोघंबी संपू."

मी गप्प बसले. काकांशी बोलताना मला आता अवघडल्यासारखं व्हायचं. ते एखादं नवं रोप आणून "ह्याला कुठं लावू? हिला दिसंल असं?" विचारायचे, आणि काकू पलीकडून "इथंच लावा की, म्होरं" म्हणायच्या. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठी जीव तुटायचा. माझ्या हातात एवढंच होतं की बस चौकात अडकली असताना खिडकीतून माणसं बघायची आणि कागदावर उतरवायची. कणसं भाजणारी बाई, हेल्मेट उशाला घेऊन दुभाजकावर झोपलेला माणूस, बुरख्यातल्या दोघी एकाच भजीवरून हसताना. घरी आले की काकूंना दाखवायचे. "हिचं नाक जरा फेंदरं काढलंयस," काकू म्हणायच्या, न बघितलेल्या बाईबद्दल. माझ्या खोक्यांकडं कंपनीत कुणी इतक्या बारकाईनं कधी पाहिलं नाही.

मग समोर उरलेल्या फटीच्या अर्ध्या भागात नवीन बिल्डिंग उठायला लागली. एकेक स्लॅब पडत गेला तशी काकांची शिफ्ट आखूड होत गेली. काका कुठूनतरी चकचकीत पत्र्याचा तुकडा घेऊन आले आणि ऊन परतवून गॅलरीत घ्यायचा घाट घातला. ऊन गॅलरीत आलंच नाही. खाली मेडिकलवाल्याच्या डोळ्यांत गेलं, आणि तो बिचारा दुकान सोडून बाहेर येऊन ओरडायला लागला. काकांना ते ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं तो नमस्कार करतोय, म्हणून त्यांनी वरून हात हलवला. काकू उजव्या हातानं तोंड दाबून हसत होत्या. त्या घरात मी ऐकलेलं ते सगळ्यात मोठं हसू.

पत्रा उतरवला. गुलाब गेला, मिरची गेली. काका रिकामी टोपली बराच वेळ हातात धरून उभे होते.

त्यानंतरच्या एका गुरुवारी सकाळी शेजारून खडखडाट ऐकू आला. गुरुवारी त्या गॅलरीत पानही हलत नसे, म्हणून मी घाबरून धावले. काकू कॉटवर ठीक होत्या. काका स्टुलावर चढून जाळी उतरवत होते. गोकर्णाचा वेल त्यांनी मुळाशी कापला होता.

"काका! आज गुरुवार ना?"

"व्हय," ते म्हणाले. "धरा जरा खालून."

मी जाळी धरली. ती चांगलीच जड होती. मी काकूंकडं बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच मला सांगितलं, 'मी काही बोलले नाही.' मीही बोलले नव्हते.

काका स्टुलावरून उतरले आणि तिथंच बसले. "कूस बदलली की हिची मान उजवीकडं वळायची," ते म्हणाले. "दर टायमाला. मला वाटायचं उशी टोचती. उशी बदलली. मग वाटलं, मानंची शीर धरली आसंल, तेल लावलं. काल रातच्याला मी हिच्याशेजारी आडवा झालो, जरा पाठ टेकावी म्हणून हिच्या उशीला डोस्कं ठिवलं. तर त्या कडंला, जाळी संपती तिथं, बोटभर फट हाय. तिच्यातनं कोपऱ्यावरचा खांब दिसतो." ते थांबले. "प्रेसचा आवाज इवलासा बदलला तर मला कळायचं ओ. मशीनमधली डाय कुठं घासतीय ते सांगायचो मी. आन हितं घरात..."

"कशाला काढलीत?" काकू म्हणाल्या. "चांगली दिसत व्हती."

"गप. रस्ता बघ."

काकूंनी मान वळवली आणि बघायला लागल्या. नव्या बिल्डिंगच्या कडेनं रस्त्याचा कोपरा तेवढा दिसत होता; विजेचा खांब, चहाची टपरी, भाजीची गाडी. मग काकू म्हणाल्या, "टपरीवाल्यानं छत बदललं वाटतं." आणि काका उठून आत चहा टाकायला गेले. जाळी तेव्हाच माझ्या घरी आली. "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, हितं जागा न्हाई," म्हणाले.

त्या दिवसापासून काकांनी एक नवंच काढलं. खाली गेले की थेट दुकानात जायचे नाहीत. आधी खांबापाशी जाऊन उभे राहायचे, गॅलरीकडं तोंड करून पिशवी वर धरायचे. येतानाही तसंच. खालून त्यांना काकू दिसायच्या नाहीत. अंदाजानं थोडं थांबायचे आणि मग पुढं जायचे. टपरीवरची माणसं हसायची. एकदा कुणीतरी विचारलं तेव्हा त्यांनी सबंध चौकाला ऐकू जाईल असं सांगितलं, "हजेरी लावतोय!" वर मी काकूंजवळ बसलेली असायचे. पिशवी दिसली की काकू म्हणायच्या, "दिसले." आणि अंग सैल सोडून उशीला टेकायच्या. रोज तेच, आणि रोज नव्यानं.

शांताकाकू गेल्या तेव्हा मी कंपनीत होते. काकांनी कूस बदलली, उशी सारखी केली, आणि मान उजवीकडं वळली नाही, तेव्हा त्यांना कळलं. मी घरी पोचले तर वंदना आलेली होती, बुद्धवंदना चालू होती आणि काका भिंतीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "आलात व्हय," जणू मला चार्ज द्यायचा राहिला असावा.

पुढं झाडांच्या शिफ्टा चालू राहिल्या, कशाबशा. विणणं मात्र थांबलं. "आता झोपलं तरी चालतंय," एकदा म्हणाले, "तर झोप येत न्हाई. कूस बदलायच्या टायमाला जाग येती, हात आपसूक पुढं जात्यात. आन पट्टी हातात धरवत न्हाई." मी पुष्कळ आग्रह केला, नवी भेंडोळी आणून दिली. ती तशीच कोपऱ्यात पडून राहिली. ते इतके थकलेले दिसायचे की मला माझं दमणं त्यांच्यासमोर बोलून दाखवायची लाज वाटे.

शेवटी वंदना त्यांना तळेगावला न्यायला आली. खोली भाड्यानं जाईपर्यंत झाडं माझ्याकडं. जायच्या सकाळी काकांनी मला चार्ज दिला, प्रत्येक कुंडीसमोर उभं राहून. "मोगऱ्याला पाणी बेतानं. जास्वंद नखरे करती, तिकडं लक्ष द्यायचं न्हाई. पिंपळाचं रोप हाय, ते मोठं झालं की खाली जमिनीत लावा." मग मधल्या मोकळ्या जागेपाशी आले. दोन्ही बाजूंनी झाडं दाटलेली आणि मध्ये दारापेक्षा रुंद, नुसता उजेड.

"हितं काय अडकवू नका," ते म्हणाले.

"नाही काका."

"कुणी भाडेकरू आलं तर त्यास्नीबी सांगा. म्हणजे... सांगून बघा."

वंदना रिक्षा थांबवून खालून हाका मारत होती. कासारवाडीहून लोकल धरायची होती. काका मात्र जागचे हलेनात. माझ्याकडं बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं. मी झारी उचलून हातात घेतली. तेव्हा कुठं त्यांनी चपला घातल्या.

ते गेल्यावर मी मोगऱ्याला बेतानं पाणी घातलं आणि कॉटवर टेकले. गादी गुंडाळून ठेवली होती, नुसत्या फळ्या होत्या. मान आपोआप उजवीकडं वळली. कोपऱ्यावर रिक्षा दिसली आणि खांबाजवळ येऊन थांबली. काका उतरले. आतून वंदनाचा हात त्यांना बोलवत होता, त्यांनी तिकडं बघितलं नाही. गॅलरीकडं तोंड करून उभे राहिले आणि पिशवी वर धरली. कपड्यांनी भरलेली जड पिशवी, तरी खाली घेईनात. नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ थांबले.

त्यांना तिथून कुणी दिसणार नव्हतं, आणि माझा आवाज त्यांच्या कानांपर्यंत पोचायचा तर प्रश्नच नव्हता. तरी मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "दिसले."

मग ते रिक्षात बसले.